स्नोबोर्डिंगसाठी डोंगरावरचं रिसॉर्ट कसं निवडावं

रिसॉर्टच्या जाहिराती किलोमीटर आणि एकरांत बोलतात. फ्रान्समधल्या त्र्वा व्हालेत सुमारे ६०० किलोमीटरचे उतार, कॅनडातल्या व्हिसलर ब्लॅककोंबमध्ये ८,००० एकरांहून जास्त डोंगर. आकडे खरे आहेत, पण आठवड्याभराच्या सहलीला त्यांचा उपयोग थोडाच. शिवाय ते स्कीवाल्यांच्या सोयीने मोजलेले असतात. सपाट जागा लागली की स्कीवाला दोन काठ्या मारत पुढे निघून जातो. स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. तो थांबतो, खाली वाकतो, मागच्या पायाचं बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारा पट्टा) सोडतो आणि एका पायाने ढकलत, घामाघूम होत पुढे सरकतो. म्हणून आपल्यासाठी उतारांची लांबी महत्त्वाची नाही. एका उतारावरून दुसऱ्यावर जायचं कसं, हे आधी पाहायचं.

१. बोर्ड चालतो का, ते बघा

प्रश्न वेडगळ वाटेल, पण अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी स्नोबोर्डला आजही बंदी आहे, फक्त स्की चालते. न्यू मेक्सिकोतल्या टाओसने २००८ साली बंदी उठवली. बाकी जगात ही अडचण सहसा येत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

२. गटातला सगळ्यात कच्चा गडी कोण?

निवड त्याच्या हिशेबाने करा. मुरलेल्या माणसाला सोप्या डोंगरावरही मजा करता येते. नवख्याला मात्र अवघड डोंगरावर पहिल्याच दिवशी बोर्डाचा वीट येतो.

नवख्याला रुंद, एकसारखा आणि जरा उतरता उतार लागतो. ‘जरा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अगदी सपाट जागा सोपी वाटते, पण तिथे बोर्डाला वेग मिळत नाही आणि वेग नसला की बोर्डाची कड बर्फात अडकून माणूस तोंडघशी पडतो. वर न्यायला सरकता पट्टा आहे का, हेही पाहा. त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात. उतार चढून जावा लागला, तर शिकण्याची निम्मी ताकद तिथेच खर्च होते. शिकायची जागा पायथ्याशी असण्यापेक्षा वर असलेली बरी, कारण पायथ्याचं बर्फ दुपारी वितळतं आणि रात्री काचेसारखं गोठतं. पहिले दोन दिवस बहुतेक वेळ बुडावर आणि मनगटांवर पडण्यातच जातो, त्यामुळे अंगाखालचं बर्फ मऊ असणं ही चैन नाही.

उतारांच्या रंगांवर डोळे झाकून विसंबू नका. युरोपात निळा, लाल, काळा अशी चढती श्रेणी असते, काही देशांत निळ्याच्याही आधी हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा, दोन काळे हिरे. हे रंग त्या-त्या डोंगरापुरते ठरवलेले असतात, जगभर एक माप नाही. एका ठिकाणचा निळा दुसरीकडे लाल ठरू शकतो.

३. नकाशा संशयाने वाचा

खरी निवड इथे होते, म्हणून वेळही इथेच घालवा. रिसॉर्टचे नकाशे बहुतेकदा हाताने रंगवलेले असतात. अमेरिकी चित्रकार जेम्स नीहूस यांनी असे शेकडो नकाशे रंगवले आहेत. डोंगराची मागची बाजूही एकाच कागदावर दिसावी म्हणून चित्रकार ती वळवून पुढे आणतो. त्यात लबाडी काही नाही, पण सपाट पट्टेही कागदावर झकास उतरते दिसतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे.

म्हणून दोन उतारांना जोडणाऱ्या लांब, बारीक, आडव्या रेषा शोधा. नावात ‘रोड’, ‘ट्रॅव्हर्स’ किंवा ‘ट्रॅक’ असेल तर सावध व्हा. अशा वाटेवर दूरपर्यंत एकाच कडेवर तोल सांभाळत जावं लागतं. पायाच्या बोटांकडची कड वाट्याला आली, तर पोटऱ्या दगडासारख्या होतात. मग तीच जागा समोच्चरेषा असलेल्या साध्या नकाशावर पडताळा. रेषा एकमेकींपासून लांब असतील तर जागा सपाट आहे. हेल्मेटवर कॅमेरा लावून काढलेले व्हिडिओही पाहा, पण बोर्डवाल्यांचे. स्कीवाल्याच्या व्हिडिओत सपाट पट्टा कळतच नाही.

आता लिफ्ट, म्हणजे डोंगरावर वर नेणारी साधनं, मोजा. गोंडोलात, म्हणजे केबलला टांगलेल्या बंद डब्यात, बोर्ड हातात धरून बसायचं, त्यामुळे कटकट नाही. चेअरलिफ्ट म्हणजे टांगलेली खुर्ची. तिच्यावरून उतरतानाचे काही क्षण अवघड, तेवढेच. खरी परीक्षा बर्फावरून ओढत नेणाऱ्या टी-बार आणि बटण लिफ्टची. पुढचा पाय बाइंडिंगमध्ये, मागचा मोकळा पाय बोर्डावर नुसता टेकवलेला, मांड्यांमध्ये दांडा आणि वर ओढणारी केबल. बोर्ड सरळ जायला हवा, पण अंग आडवं उभं. चढ तिरपा असला की बोर्ड हळूहळू बाजूला घसरतो, आणि पडलात की रांगेतले सगळे बघत असताना वाटेतून बाजूला सरपटायचं. हिमनद्यांवर अशा ओढणाऱ्या लिफ्ट जास्त दिसतात, कारण खालचं बर्फ सतत सरकत असतं आणि त्यावर मोठे खांब पक्के रोवणं कठीण जातं. न्यूझीलंडच्या क्लब फील्डवर, म्हणजे क्लबांनी चालवलेल्या छोट्या स्की-डोंगरांवर, तर धावत्या दोराला कमरेच्या पट्ट्याचा चिमटा लावून वर जायचं असतं. नवख्याने तिकडे न फिरकलेलंच बरं.

नकाशावर चेअरलिफ्ट आणि ओढणाऱ्या लिफ्टची चिन्हं वेगळी असतात. तुम्हाला हव्या असलेल्या उतारावर पोचायला ओढणारी लिफ्टच लागत असेल, तर त्या रिसॉर्टवर माझी काट.

४. बर्फाचा हिशेब

जितकं उंच तितकं बर्फ खात्रीचं, हा नियम ढोबळमानाने बरोबर आहे. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. फ्रान्समधलं व्हाल तोरांस गावच २,३०० मीटरवर आहे, म्हणून तिथला हंगाम लांबतो. पण जपानमधलं निसेको पाहा. तिथल्या आन्नुपुरी डोंगराचा माथा जेमतेम १,३०८ मीटर, तरी तिथल्या भुसभुशीत बर्फासाठी जगभरातून लोक येतात. सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांवर बर्फ म्हणून टाकतात. तेव्हा उंचीबरोबर वाराही पाहा आणि उताराचं तोंड कुठे आहे तेही. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचे उतार बर्फ जास्त टिकवतात, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडचे.

उंचीची किंमतही मोजावी लागते. सुमारे २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजचा पायथाच २,९०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी धावपळ नको. शिवाय खूप उंचावर झाडं नसतात. ढग उतरले की सगळं पांढऱ्यात पांढरं होतं, समोरचा खड्डा दिसत नाही. झाडांमधले उतार असलेलं रिसॉर्ट अशा दिवशी सहल वाचवतं.

५. कधी जायचं?

उत्तर गोलार्धात डिसेंबर ते एप्रिल, न्यूझीलंड आणि चिलीत साधारण जून ते सप्टेंबर. नाताळ ते नववर्ष आणि युरोपातल्या फेब्रुवारीच्या शाळासुट्ट्या टाळा, रांगा लांब असतात. जानेवारीचा मध्य गर्दीच्या दृष्टीने उत्तम, पण थंडी कडक. मार्चअखेर दुपारचं बर्फ लापशीसारखं मऊ होतं. पावडरचे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचे, शौकीन नाक मुरडतात, शिकणाऱ्यांना मात्र तेच सोयीचं.

६. ठरवलेल्या वाटेबाहेर जायचं असेल तर

खुणा केलेल्या उताराबाहेर बोर्ड चालवण्याची हौस असेल, तर देशागणिक नियम समजून घ्या. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतल्या उघड्या ठेवलेल्या भागात हिमस्खलनाचा धोका कमी करण्याचं काम गस्ती पथक करतं. आल्प्समध्ये खुणेच्या खांबापलीकडे पाऊल टाकलं की सहसा जबाबदारी तुमची, मग उतार दहा मीटरवर का असेना. काश्मीरमधल्या गुलमर्गचा गोंडोला ३,९०० मीटरहून वर नेऊन सोडतो आणि तिथून मोठा मोकळा डोंगर समोर पसरतो. तिथे स्थानिक गाइडशिवाय उतरणं शहाणपणाचं नाही. जवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि तिन्ही वापरण्याचा सराव हवा. बर्फाखाली गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत सोबत्यांनीच खणायचं असतं.

७. बुकिंगआधी

लिफ्टपासून चालत जाता येईल अशी जागा घ्या. स्नोबोर्डचे बूट मऊ असतात, त्यामुळे दहा मिनिटं चालणं स्कीवाल्यांइतकं जाचत नाही. त्या बदल्यात खोली स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या. लिफ्टचा पास आधी ऑनलाइन काढला तर बहुतेक ठिकाणी खिडकीवरच्या दरापेक्षा कमी पडतो, पण वारा सुटून लिफ्ट बंद पडल्या तर पैसे परत मिळतात का, ते वाचून घ्या. विम्याच्या कागदांत दोन गोष्टी शोधा. हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च धरला आहे का, आणि खुणेबाहेरचा अपघात वगळला आहे का.

शेवटी दोन रिसॉर्ट उरली आणि मन ठरत नसेल, तर दोन्हीकडच्या स्नोबोर्ड शाळेला एकच प्रश्न पाठवा: ‘तिसऱ्या दिवशी शिकाऊ माणूस कोणत्या लिफ्टने वर जातो आणि कोणत्या वाटेने खाली येतो?’ जिथून लिफ्टचं आणि उताराचं नाव घेऊन सरळ उत्तर येईल, तिथे बुकिंग करा.