दोन दिवसांत नागपूर: काय पाहावं, कुठून काय घ्यावं

पुण्याची मावसबहीण दिवाळीनंतर दोन दिवसांसाठी येणार होती. तिनं पाहायच्या जागांची यादी पाठवली: झिरो माईल, महाल, दीक्षाभूमी, इतवारी, फुटाळा, संत्रा बर्फी. यादीत चूक काहीच नव्हती. पण त्या क्रमानं फिरलो असतो, तर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार खेपा झाल्या असत्या आणि अर्धा वेळ सिग्नलवर गेला असता. तिच्यासाठी तेव्हा जो बेत आखला, तोच नंतर प्रत्येक पाहुण्याला सांगत आले. इथं तो सविस्तर लिहिते.

आधी दिवस निवडा

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत यावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बाजारात फिरणं म्हणजे आजारपणाला बोलावणं. त्याखेरीज दोन तारखा पाहून घ्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हॉटेलांचे भाव चढतात आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंदोबस्तात अडकतात. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. तो सोहळा पाहायचा असेल तर जरूर या, पण मग खोली खूप आधी धरा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. पुस्तकांचे एवढे स्टॉल एका जागी मी दुसरीकडे कुठं पाहिलेले नाहीत. रिकामी पिशवी घेऊनच जा.

रुळांची रेघ डोक्यात ठेवा

ढोबळमानानं रेल्वेचे रूळ नागपूरचे दोन भाग करतात. पूर्वेला जुनं नागपूर: महाल, इतवारी, गांधीबाग. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, धरमपेठ आणि तलाव. दोहोंच्या मध्ये सीताबर्डी, आम्ही नुसतं बर्डी म्हणतो. एक दिवस पूर्वेला, एक पश्चिमेला आणि मुक्काम बर्डीच्या आसपास, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

बर्डी सुचवण्याचं कारण मेट्रो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उत्तर-दक्षिण मार्गिका आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही पूर्व-पश्चिम मार्गिका, दोन्ही सीताबर्डी स्टेशनात एकमेकींना छेदतात. विमानानं येणाऱ्यांसाठी एक सूचना: एअरपोर्ट नावाचं स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दाराशी नाही. तिथवर ऑटो करावा लागतो.

पहिला दिवस: पूर्वेकडे

सकाळी आठच्या आत तर्री पोहे खा. साध्या पोह्यांवर काळ्या चण्याची झणझणीत तर्री, वर कांदा आणि चिवडा. कस्तुरचंद पार्कच्या आसपास आणि बर्डीच्या गल्ल्यांमध्ये टपऱ्या लागतात. जिथं ऑफिसला निघालेले लोक उभ्यानं खात असतील, तिथं थांबा. तिखटाची सवय नसेल तर ‘भाऊ, तर्री वेगळी द्या’ म्हणावं. वाईट वाटून घेत नाहीत.

मग मेट्रोनं चितारओळी चौकात उतरा आणि महालात पायी शिरा. बाजार साडेदहा-अकराशिवाय उघडत नाही, त्यामुळे सकाळ पाहण्यासाठी मोकळी असते. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, भोसल्यांच्या राजधानीची खूण म्हणून उभा आहे. तिथून बडकस चौकापर्यंतच्या गल्ल्यांत लाकडी खांबांचे जुने वाडे अजून दिसतात. दरवर्षी एखादा कमी होतो आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं. लोकांची घरं आहेत, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. मीही विचारते, आणि बहुतेक वेळा आत बोलावून पाणी देतात.

चितारओळीत मूर्तिकारांची घरं आहेत. गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत आलात तर अर्धवट रंगवलेल्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढावी लागते. पोळ्याच्या सुमारास आलात, तर दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीची मिरवणूक चुकवू नका. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे मोठे पुतळे, निघतात. गावातली रोगराई, महागाई, सगळं ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक त्यांना गावाबाहेर नेतात. त्याच दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी जातात. नागपूरची आठवण म्हणून घरी न्यायला हा लाकडी बैल मला सगळ्यात आवडतो. पोळ्याच्या आधी दोन-तीन आठवडे महाल-इतवारीत तो मिळतो. घेताना चाकं नीट फिरतात का आणि शिंगं एकाच लाकडात कोरलीत की नंतर चिकटवलीत, एवढं पाहा. चिकटवलेली शिंगं प्रवासातच निघतात.

इतवारीत खरेदी कशी करावी

इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी: या गावात वस्त्यांना वारांची नावं पडली ती बाजारांमुळे. इतवारीत अजूनही ओळीप्रमाणे धंदा चालतो. सराफ एका ओळीत, भांडीवाले दुसऱ्या, किराणावाले तिसऱ्या, कपडा गांधीबागेत. माझा सगळ्यात मोठा सल्ला एवढाच: जी वस्तू ज्या ओळीची, ती त्या ओळीतूनच घ्या. तिथं शेजारी शेजारी वीस दुकानं असतात. भाव दोन पावलांवर पडताळता येतो आणि दुकानदाराला मालाची माहिती असते.

दुकानात शिरताच एक प्रश्न विचारा: ‘चिल्लर देता का, की फक्त ठोक?’ चिल्लर म्हणजे इथं किरकोळ. कितीतरी दुकानं फक्त ठोक विकतात. न विचारता गाठोडी उलगडायला लावली तर त्यांचाही वेळ जातो, तुमचाही. भाषेची अडचण येत नाही. मराठीत सुरुवात केली की मराठीत उत्तर येतं, मध्येच हिंदी सुरू होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. किराणा घेताना दोन-तीन शब्द माहीत असू द्या: सांबार म्हणजे कोथिंबीर, फल्ली म्हणजे शेंगदाणे, आलू म्हणजे बटाटे. पुण्याच्या बहिणीनं भाजीवालीला ‘सांबार नको, कोथिंबीर द्या’ म्हटलं होतं आणि ती बिचारी हातात जुडी धरून बघत राहिली.

किराण्यात दोन गोष्टी मुद्दाम घ्या. एक भिवापूरची मिरची, दुसरी वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. मिरची शक्यतो अख्खी घ्या, पूड घरी करा. अख्ख्या मिरचीचा रंग आणि वास जागच्या जागी तपासता येतो.

कोसा ओळखायचा कसा

कोसा म्हणजे टसर रेशीम. यावर जरा थांबते, कारण इथं मी स्वतः फसले आहे. काही वर्षांपूर्वी वहिनीला द्यायला एक कोसा साडी घेतली. रंग सुंदर, काठ सुंदर. पहिल्या धुण्यात तिची चकाकी गेली आणि कळलं की सूत कृत्रिम होतं. मी एकही प्रश्न विचारला नव्हता, पावतीवर ‘साडी’ एवढंच लिहून घेतलं होतं.

विदर्भाची खरी साडी म्हणजे करवतकाठी. अंगात कोसा, काठाला करवतीचे दाते. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगाव-मोहाडीकडचे विणकर आणि नागपुरातले कोष्टी ती हातमागावर विणतात. अंगाचं आणि काठाचं सूत वेगवेगळ्या धोट्यांतून येतं आणि विणतानाच एकमेकांत अडकवलं जातं. म्हणून काम सावकाश चालतं आणि किंमत काही हजारांत जाते. फारच स्वस्त मिळत असेल तर सावध व्हा.

घेताना असं करा. साडी उजेडात न्या. खऱ्या कोशाचा मूळ रंग मधासारखा असतो आणि धागा कुठं जाड, कुठं बारीक दिसतो. अगदी एकसारखा, गुळगुळीत धागा दिसला तर शंका घ्या. मग काठ उलटा करून पाहा. विणलेल्या करवतीचे दाते दोन्ही बाजूंनी दिसतात, छापलेले मागून फिके पडतात. पदराच्या टोकाचा एक सुटा धागा दुकानदाराकडून मागून घ्या आणि त्याच्यासमोरच जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. धागा जाळू देत नसतील तर सिल्क मार्कची, म्हणजे खऱ्या रेशमाच्या खुणेची, चिठ्ठी मागा. आणि पावतीवर ‘टसर रेशीम, हातमाग’ हे शब्द लिहून घ्याच. चांगला दुकानदार यातल्या कशालाही नाही म्हणत नाही. उलट तो साडी उलगडून विणकराचं गावही सांगतो.

रात्री जेवायला सावजी. ही हलबा-कोष्टी विणकरांच्या घरची रांधणी, काळ्या मसाल्याची, वर तेलाचा तवंग असलेली. मांसाहार नसेल तर पाटवडी रस्सा मागा. तिखट खरोखर तिखट असतं. सोबत भाकरी घ्या, पोटात जळजळ होणाऱ्यांनी रस्सा जपून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबचा प्रवास ठेवू नये.

दुसरा दिवस: पश्चिमेकडे

सकाळी झिरो माईल. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यानं उभारलेला हा स्तंभ, शेजारी घोड्यांचे चार पुतळे आणि दगडावर वेगवेगळ्या गावांची अंतरं कोरलेली. दहा मिनिटांत पाहून होतं, पण अंतरं वाचा. आपलं गाव त्यात सापडलं की लेकरांना फार आनंद होतो. तिथून जवळच अजब बंगला आहे, १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असतं. बर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच तो लोकांना उघडतो. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज याच टेकडीवर लढले आणि नागपूरचं राज्य गेल्यात जमा झालं. त्या तारखांना गावात असाल तर आधी तिथं जा.

मग दीक्षाभूमी. मेट्रोनं रहाटे कॉलनीला उतरा, पुढं ऑटो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सांचीच्या धर्तीवरचा हा स्तूप आतून पोकळ आहे. चप्पल बाहेर काढून आत गेल्यावर जो गारवा आणि जी शांतता भेटते, त्यासाठी किमान तासभर ठेवा. घाईघाईत फोटो काढून निघणारे पाहिले की मला वाईट वाटतं. बोधिवृक्षाखाली जरा बसा. बाहेरच्या दुकानांत पुस्तकं आणि बुद्धमूर्ती मिळतात. पुस्तकांच्या किमती इतक्या कमी असतात की तिथं घासाघीस करू नये.

दुपारी एक ते चार हॉटेलात पडून राहा. संध्याकाळी फुटाळा किंवा अंबाझरी, यांतला एकच तलाव. सूर्यास्तासाठी मी फुटाळा सांगेन.

अंधार पडल्यावर बर्डी. व्हरायटी चौकाकडून मेन रोडनं आत शिरलं की चपला, ओढण्या, बांगड्या, मोबाइलची कव्हरं, सगळं रस्त्यावर मांडलेलं असतं. इथं भाव करायचाच. मी मनात आधी आपली किंमत ठरवते, ती एकदाच सांगते आणि चालू लागते. पटली तर मागून ‘या ताई’ अशी हाक येते. रविवारी संध्याकाळी गर्दी फार असते. पर्स पुढं घ्या, लेकरांचा हात सोडू नका. कपड्यांत जरा निवांतपणा हवा असेल तर धरमपेठ-गोकुळपेठ बरं पडतं, पण भाव चढा असतो.

अर्धा दिवस हाताशी असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर किंवा रामटेक, यांतलं एकच निवडा. रामटेक पन्नास किलोमीटरच्या आत आहे, पहाटे निघालात तर दुपारी जेवायला परत.

संत्री अगदी शेवटी

संत्र्यांचे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, दोन. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि थोडी आंबट-गोड असतात. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती जास्त गोड. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, पण फळ दाबल्यावर पोकळ लागलं तर ते ठेवून द्या. आकाराच्या मानानं जड असलेलं उचला. सालीवर हिरवट छटा असली म्हणून नाकारू नका, आत ते गोड निघू शकतं. विक्रेत्याला एक फोडून चाखवायला सांगा. इथं ती रीतच आहे.

बर्फी घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचा: घटकांत संत्र्याचा गर आहे की नुसता स्वाद, आणि ती किती दिवस टिकेल.

रेल्वेनं परतणार असाल तर स्टेशनच्या पूर्वेला संत्रा मार्केट आहे, तिथून गाडीच्या आधी घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, वास येऊ लागतो. भोकं असलेलं खोकं घ्या, तळाशी आणि मध्ये कागद घाला, खोकं बर्थखाली आडवं ठेवा. घरी पोचल्या पोचल्या खोकं उघडून फळं टोपलीत पसरा आणि दबलेली आधी खाऊन टाका.