गाडी ॲव्हरेज देत नाही? गॅरेज गाठण्यापूर्वी या चुका टाळा

ॲव्हरेज घसरले की आपला पहिला संशय पेट्रोलपंपावर आणि दुसरा मेकॅनिकवर जातो. परंतु जिथे दर थोड्या अंतरावर सिग्नल किंवा गतिरोधक येतो, त्या नाशिकच्या रस्त्यांवर बरेचसे इंधन ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते.

त्र्यंबक रोडने सातपूरकडे जाताना पुढचा सिग्नल लाल दिसत असूनही वेग वाढवत नेणे आणि अगदी जवळ गेल्यावर ब्रेक दाबणे, ही माझ्या मते सर्वांत महागडी सवय आहे. एक टन वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ती ब्रेकमध्ये घालवून पुन्हा तोच वेग गाठायचा, तर केवळ त्यासाठी साधारण १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल लागते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ४० किलोमीटरवरून थांबणाऱ्याचे नुकसान निम्म्याहूनही कमी होते. म्हणून सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग उतरू द्यावा.

कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्याने पेट्रोल वाचते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या काळातली आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुधा पूर्ण थांबतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो, आणि घाटात ब्रेक तापणे जिवावर बेतू शकते.

कोपऱ्यावरून दूध आणायला मोटार काढू नये, कारण थंड इंजिन जास्त इंधन घेते आणि ते तापण्याआधीच आपण घरी परतलेले असतो. हिवाळ्यात टायरकडेही लक्ष हवे, कारण तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब सुमारे एक पीएसआयने कमी होतो. पंपावरचा मुलगा ‘किती भरू?’ असे विचारतो तेव्हा अंदाजे आकडा न सांगता चालकाच्या दाराजवळील स्टिकरवरचा सांगावा, आणि हवा टायर थंड असतानाच भरावी.

अंबडच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला जाणाऱ्या चौघांनी चार मोटारी काढणे ही चूक मात्र चालवण्याच्या कौशल्याने भरून निघत नाही. एका माणसासाठी एक टन लोखंड हलवण्यापेक्षा आळीपाळीने एकच गाडी काढावी किंवा २०२१ पासून धावणारी सिटीलिंक या शहर बससेवेची बस सोयीची पडते का, ते पाहावे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करावी, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून कापलेल्या किलोमीटरना तेव्हा भरलेल्या लिटरने भागावे, आणि दोन-तीन वेळा हाच हिशेब करून मगच निष्कर्ष काढावा. स्कूटर असेल तर ती डबल स्टँडवर लावून इंजिन बंद ठेवावे व मागचे चाक हाताने फिरवावे. ते अडखळत असेल तर ब्रेक घासत असण्याची शक्यता आहे. मोकळे फिरत असेल तर मेकॅनिकला आधी एअर फिल्टर पाहायला सांगावे.