पिसवा आणि पुन्हा पुन्हा होणारा टेपवर्म: घरात अनेक प्राणी असतील तर या चुका टाळा

जंताची गोळी देऊन जेमतेम महिना झालेला असतो आणि मांजर उठून गेल्यावर तिच्या गादीवर पुन्हा तांदळाच्या दाण्यासारखे काहीतरी पडलेले दिसते. दाणा ताजा असेल तर तो क्षणभर लांबतो, आखडतो आणि किंचित पुढे सरकतो. वाळलेला असेल तर तिळासारखा पिवळसर, टणक होऊन शेपटीखालच्या केसांना चिकटून राहतो. पट्टकृमीचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या टेपवर्मचे, हे सुटलेले तुकडे असतात आणि त्यांत अंड्यांच्या पुड्या भरलेल्या असतात. अशा वेळी बहुतेक जण गोळीला दोष देतात, कंपनी बदलतात किंवा जास्त मात्रा मागतात. माझ्याकडे एक कुत्री आणि दोन मांजरे आहेत, आणि सुरुवातीला मीही हेच केले. गोळी आपले काम चोख करत होती. घोळ पिसवांचा होता.

कुत्र्यामांजरांत सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी, डिपिलिडियम कॅनिनम, एका प्राण्याच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात थेट जात नाही. गळून पडलेल्या तुकड्यातली अंडी पिसवांच्या अळ्या खातात. मोठ्या पिसूचे तोंड फक्त रक्त शोषण्याजोगे असते, तिला अंडी खाता येत नाहीत; म्हणून कृमीचा शिरकाव अळीच्या अवस्थेतच होतो आणि अळीची पिसू झाली तरी तो तिच्या शरीरात टिकून राहतो. अंगाला चावणारी ती पिसू प्राण्याने चाटताना किंवा दातांनी खाजवताना गिळली की दोन-तीन आठवड्यांत आतड्यात पूर्ण वाढलेला कृमी तयार होतो आणि तुकडे पुन्हा बाहेर पडू लागतात. मधली पिसू काढून टाकली तर ही साखळी तुटते. ती घरात राहिली तर गोळ्या देत राहण्याला अंत नाही.

"गोळी लागू पडली नाही" असे समजणे

जंताच्या गोळीतले प्राझिक्वांटेल हे औषध पोटातले कृमी मारते, मात्र त्याचा प्रभाव शरीरात रेंगाळत नाही. प्राण्याने दोनच दिवसांनी कृमी असलेली पिसू गिळली तर नवा कृमी वाढायला कोणताही अडथळा उरत नाही. म्हणून गोळी दिल्याची आणि तुकडे पुन्हा दिसल्याची, अशा दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. दोन आठवड्यांच्या आतच तुकडे दिसले तर मात्रा पूर्ण पोटात गेली नसावी: वजन अंदाजाने धरले असेल, प्राण्याला उलटी झाली असेल किंवा गोळी सोफ्यामागे थुंकलेली सापडेल. औषधच भलते असण्याचीही शक्यता असते, कारण नुसते पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींसाठी असते आणि फेनबेंडाझोल या पट्टकृमीवर चालत नाही. तीन आठवड्यांनंतर किंवा त्याहून उशिरा तुकडे दिसले तर ती बहुधा नवी लागण असते.

गोळीनंतर विष्ठेत मेलेला जंत दिसला नाही म्हणूनही शंका घेऊ नये. तो बहुतेक वेळा आतड्यातच विरघळून जातो. विष्ठेची तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण अंडी तुकड्यांच्या आत बंद असल्याने नमुन्यात ती अनेकदा सापडत नाहीत. सापडलेला तुकडाच लहान डबीत घालून पशुवैद्यांना दाखवणे अधिक उपयोगाचे. मांजर उंदीर मारून खाणारी असेल तर हे आवर्जून करावे, कारण उंदरांमधून येणारा पट्टकृमी वेगळा असतो आणि पिसवांवर कितीही मेहनत घेतली तरी तो थांबत नाही.

फक्त खाजवणाऱ्या प्राण्यावर उपचार करणे

माझी मोठी चूक हीच होती. कुत्री रात्रभर खाजवायची म्हणून औषध तिला दिले. बोका शांत होता, त्याच्या अंगावर एकही पिसू दिसत नव्हती, म्हणून त्याला वगळले. मांजर अंग इतके नीट चाटते की पिसवांचा पुरावा तीच गिळून टाकते, हे तेव्हा लक्षात आले नव्हते. पुढे बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले आणि मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. साधी माती असती तर असा डाग पडला नसता. पिसूची विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असते. ज्याला मी स्वच्छ समजत होतो, तोच घरभर पिसवा पुरवत होता.

कुत्र्यांच्या अंगावरही बहुतेकदा जी पिसू सापडते तिला मांजरपिसू, टेनोसेफॅलायडिस फेलिस, म्हणतात. तिला दोन्ही प्राणी सारखेच. मादी पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. म्हणजे चारपैकी तीन प्राण्यांना औषध देणे हे पाऊण काम झाल्यासारखे वाटले तरी उरलेला एक प्राणी अंडी पाडत राहतो. घराबाहेर कधीच न जाणारी म्हातारी मांजर आणि नुकतेच आणलेले पिल्लू यांचाही यात समावेश होतो. सर्वांचे पिसवांचे औषध एकाच दिवशी सुरू करावे आणि जंताची गोळी त्याच सुमारास, पशुवैद्यांना विचारून, द्यावी.

कुत्र्याचे औषध मांजरीला लावणे

ही चूक जिवावर बेतू शकते. कुत्र्यांच्या मानेवर लावायच्या पिसवांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि मांजरीच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. अंग थरथरते, झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. मोठ्या कुत्र्याची एक नळी दोन मांजरांत वाटून पैसे वाचवण्याचा प्रकार याच कारणाने कधीही करू नये. कुत्र्याला असे औषध लावलेच असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत, आणि पाकिटावर जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा वेळ, मांजरीला त्याला चाटू देऊ नये किंवा त्याच्याजवळ झोपू देऊ नये. चुकून मांजरीला लागलेच तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना लगेच फोन करून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करावे आणि औषधाचे पाकीट सोबत न्यावे. घरात ससा असेल तर पिसवांच्या काही औषधांत असणारे फिप्रोनिल त्याच्यासाठी घातक आहे. लसूण खाऊ घालणे आणि टी-ट्री तेल चोळणे हे उपाय "नैसर्गिक" म्हणून सुचवले जातात. मांजरीसाठी दोन्ही विषारी आहेत. ज्या प्राण्याला पूर्वी फिट आली असेल त्याला आयसोक्साझोलिन गटातली पिसवांची औषधे, उदाहरणार्थ फ्लुरालानर किंवा अफोक्सोलानर, देण्याआधी ती गोष्ट पशुवैद्यांना सांगावीच.

प्राणी सांभाळले, घर विसरले

अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण 5 टक्केच असतात. उरलेला पसारा अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत घरात असतो. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांवर टिकत नाहीत आणि प्राणी जिथे झोपतो तिथे गळतात. अळ्या उजेड टाळतात, त्यामुळे गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या गाद्यांखाली आणि फटींमध्ये शिरतात. खोलीच्या मध्यभागी फवारा मारून समाधान मानणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही ते याचमुळे. पहिले काही आठवडे शक्यतो रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा, फर्निचर सरकवून फिरवावा, आणि साठलेला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकावा. प्राण्यांची अंथरुणे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावीत. ती उचलताना झटकू नयेत, आतल्या बाजूला दुमडून न्यावीत. फवारा वापरायचा असेल तर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनसारखे, अंडी आणि अळ्यांची वाढ रोखणारे द्रव्य त्यात असावे. फवारताना प्राणी आणि पक्षी दुसरीकडे हलवावेत, आणि माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा. गाडीतली सीट आणि मांजरीला नेण्याचा पिंजरा या दोन जागा हमखास राहून जातात.

तिसऱ्या आठवड्यात धीर सोडणे

सगळे नीट केल्यावरही पिसवा दिसत राहतात आणि इथेच बरेच जण औषध बदलतात. कोषाचे आवरण चिकट असते, त्याला धूळ लागते आणि फवारा आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू अनेक आठवडे, कधी काही महिने, थांबू शकते आणि पावलांचा हादरा, शरीराची ऊब व श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. सुट्टीनंतर बंद घर उघडताच पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. (व्हॅक्यूमच्या हादऱ्यानेही त्या बाहेर येतात, घाबरून जाऊ नये, ते सोयीचेच असते.) या नव्या पिसवा औषध दिलेल्या प्राण्यावर चढून मरत असतील तर उपचार बरोबर चालला आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक प्राण्याला फणी करून सापडलेल्या पिसवांचा आकडा वहीत लिहावा; तो उतरत गेला पाहिजे. निदान तीन महिने एकाही प्राण्याचा डोस चुकू नये. महिन्याचे औषध चाळीसाव्या दिवशी देणे म्हणजे मधले दहा दिवस मादीला अंडी घालायला मोकळे सोडणे.

मानेवर लावायच्या थेंबांच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ घालू नये, कारण पुष्कळ औषधे त्वचेच्या तेलकटपणातून पसरतात.

लहान मुलांना हा कृमी क्वचित होतो, आणि तोही पिसू पोटात गेली तरच. गादीवरच्या तुकड्याला हात लागल्याने होत नाही. मुलाच्या विष्ठेत तसे दाणे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे, उपचार सोपा आहे. त्याहून तातडीची बाब पिल्लांची असते. अंगावर पिसवा बुजबुजलेल्या लहान पिल्लाचे रक्त काही दिवसांत धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते. त्याचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबीऐवजी फिकट किंवा पांढरी दिसली आणि पिल्लू मलूल असेल तर घरी औषध शोधत न बसता त्याला ऊबदार कपड्यात गुंडाळून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.