लेन्सला दोष देण्याआधी: या चुका टाळा

"लेन्स सॉफ्ट आहे रे, बदलून घेऊ का?" (सॉफ्ट म्हणजे फोटो धूसर देणारी.) हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की आता उत्तर द्यायच्या आधी मी एकच सांगतो, मूळ फोटो पाठव. चॅटवरून आलेला, आकसलेला नको, मूळ फाइल. दहातल्या नऊ वेळा लेन्स ठणठणीत निघते. बिघाड असतो तो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसात. हे मी तोऱ्यात सांगत नाही, कारण त्या जागी मी स्वतः उभा राहून आलो आहे.

माझी पहिली ८५ मिमी एफ/१.८ लेन्स. घेतली त्याच आठवड्यात भाचीला खिडकीपाशी बसवून साठेक फोटो काढले, सगळे एफ/१.८ वर (म्हणजे अॅपर्चर, लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), कारण पैसे त्याचेच मोजले होते. संगणकावर उघडले तर एकाही फोटोत डोळे स्वच्छ नाहीत. लेन्स परत केली, बदलून आणली. दुसरीचंही तेच. तिसरीसाठी भांडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका जुन्या जाणत्या मित्राने फोटो मोठा करून सरकवत सरकवत कानापाशी नेला. कानातल्या बारीक खड्याचे पैलू मोजता येत होते. कानामागची बटही केस न् केस सुटी. तो म्हणाला, "लेन्स झकास आहे. तुला डोळा हवाय आणि तू तिला कान दाखवतोयस."

झालं होतं असं. मी मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचो, शटरचं बटण अर्धं दाबून ठेवायचो आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायचो. कॅमेरा वळला की फोकसचं प्रतलही (जेवढ्या अंतरावरचं स्वच्छ दिसतं ती पातळी) वळतं आणि डोळ्याच्या थोडं मागे जातं. त्यात चौकट जुळवताना माणूस नकळत पुढे झुकतो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ/१.८ आणि दीड मीटर अंतर, एवढ्यात शार्प दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. डोळ्यापासून कान त्याहून लांब! दोन सेंटिमीटर झुकलात की संपलं.

तेव्हापासून मी फोकस बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवतो, एकेका वेळी तीन-चार फोटो काढतो आणि माणसांचे फोटो सहसा एफ/२.८ वर घेतो, म्हणजे शार्प पट्टा थोडा रुंद होतो. डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. पण लेन्स घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी "मागचं सगळं वितळलेलं" हवं असणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी एफ/४ वर डोळा पकडून दाखवा.

फोटो धूसर आला तर आधी निदान करा. सगळं एकाच दिशेने फराटल्यासारखं दिसतंय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात, म्हणजे हात हलला. चौकटीत दुसरंच काहीतरी शार्प आहे, म्हणजे फोकस चुकला. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसटलेला, म्हणजे माणूस हलला, आणि त्यावर लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याला थांबवत नाही. तिथे शटरचा वेगच वाढवायला हवा. हाताच्या थरथरीसाठी जुना हिशेब अजून चालतो: ८५ मिमीला निदान १/८५ सेकंद, क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमहून लहान सेन्सरवर) १/१२५. मी त्याच्या दुप्पट धरतो, माझा हात काही शिल्पकाराचा नाही. हे सगळं तपासूनही शंका उरली तर ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, समोर छापील मजकुराचं सपाट पान. एक फोटो पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, एक एफ/५.६ वर. दोन्हींत एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वाईट असेल, तर मग लेन्स घेऊन भांडायला जा.

सगळं शार्प यावं म्हणून एफ/२२ लावू नका. एवढ्याशा भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि आख्खा फोटो मऊ पडतो. निसर्गचित्राला क्रॉप सेन्सरवर एफ/८ ते एफ/११ पुष्कळ झालं. याच एफ/८ वर, भर उजेडात, तुम्ही नाक मुरडता त्या, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सचा फोटो महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ठेवा आणि फरक ओळखा.

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं कडं, उलटा लावून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

स्वस्त यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवलेली ती जादा काच, काढून टाका. डिजिटल सेन्सरला त्याची गरज नसते, आणि रात्रीच्या दिव्यांची चौकटीत समोरासमोर उमटणारी हिरवट भुतं बहुतेकदा त्याच काचेची असतात. समुद्राचे तुषार किंवा उडती वाळू असेल तर चांगल्या प्रतीचा लावा. एरवी धक्क्यापासून वाचवायला हूड पुरतो, अर्थात सुलटा.

शर्टाच्या टोकाने काच पुसायची सवय मोडा. धुळीत वाळूचे कण असतात, तुम्ही पुसत नसता, घासत असता. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर मायक्रोफायबर कापड. द्रव कापडावर घ्यायचा, काचेवर ओतायचा नाही. पुढच्या काचेवर धुळीचे चार कण असले तर फोटोत ते दिसतही नाहीत, तेव्हा रोज उठून पुसत बसू नका.

आता बुरशी, माझा दुसरा दुखरा विषय. माझी एक जुनी, हाताने फोकस करायची ५० मिमी होती. चामड्याच्या डब्यात घालून मी ती कपाटात नीट जपून ठेवली आणि पावसाळाभर विसरलो. बाहेर काढून पाहिली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, नाजूक धागे. साफ करून घेतली, धागे गेले, पण त्यांनी कोटिंग (काचेवरचा पातळ लेप) जिथे खाल्लं होतं तिथली नक्षी तशीच राहिली. उजेडासमोर धरली की आजही फोटोवर दुधट झाक येते. जपून ठेवणं म्हणजे अंधार, ओल आणि बंद हवा, बुरशीला आणखी काय हवं?

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांवर राहू लागली की धोका सुरू होतो. मी लेन्सा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक, आणि काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवतो. फार कोरडंही नको, आतलं ग्रीस आणि रबर यांना ते मानवत नाही. नारिंगी जेल हिरवं झालं की त्याचं काम संपलं, ते वाळवा. पिशवीत टाकलेली एक पुडी वर्षानुवर्षं चालत नसते. जुनी लेन्स विकत घेताना अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

थंड खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा पिशवीत बंदच राहू द्या, अर्धा तास तरी. बाष्प पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

आणि आकाशाच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट ठिपका येत असेल, एफ/१६ ला ठळक आणि एफ/४ ला गायब, तर तो लेन्सवर नाही, सेन्सरवर आहे. लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि ब्लोअर मारा. दाबाच्या डब्यातली हवा नको, आणि तोंडाने तर मुळीच फुंकू नका. मी फुंकलं होतं. आधी एक ठिपका होता, नंतर सात झाले.