सातारा-सांगलीच्या रस्त्यांसाठी कार घेताना: पैसे इंजिनात घाला, सनरूफमध्ये नको

शोरूमची पायरी चढण्याआधी एक कागद घ्या. गेल्या तीन महिन्यांत घरची माणसं कुठं कुठं गेली, किती जण होते, सोबत काय सामान होतं, हे लिहून काढा. साताऱ्यातल्या घराचा कागद साधारण असा निघतो: रोज एमआयडीसीत कामाला एक माणूस, आठवड्याला मंडई, महिन्यातून एकदा पुणं, मधूनच कास किंवा ठोसेघर, आणि वर्षातून दोनदा पालीच्या खंडोबाला सात जण दाटीवाटीनं. तासगावकडं यात द्राक्षबागेची फेरी वाढते. गाडी या कागदासाठी घ्यायची असते. वर्षातल्या दोन दिवसांसाठी सात सीटर घेऊन बाकीचे दिवस रिकाम्या सीट ओढत फिरण्यापेक्षा त्या दोन दिवसांपुरती गाडी भाड्यानं करणं कितीतरी स्वस्त पडतं.

बजेट: ऑन-रोडचाच आकडा धरा

जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची असते. ते सगळं धरून हातात पडणारी किंमत म्हणजे ऑन-रोड. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो, डिझेलला १३ टक्के. १० लाखांच्या वर गेलं की (२० लाखांपर्यंत) हेच दर १२ आणि १४ होतात, शिवाय १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो (तो आयकर विवरणपत्रात परत वळता करता येतो). म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८८,००० रुपये टॅक्स, वर विमा, नोंदणी, फास्टॅग. हिशेब सव्वानऊ-साडेनऊ लाखांवर जातो. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती कशाबद्दल आहे ते विचारा आणि काढायला लावा. विमा डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन आणून समोर ठेवलीत की डीलरचा आकडाही खाली येतो. जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) साठला असेल तर तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो नव्या पॉलिसीवर लावून घ्या.

कर्जाची मुदत वाढवून हप्ता छोटा करण्याचा मोह टाळा. ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये बसतो आणि व्याज १ लाख ४७ हजार जातं. तेच ७ वर्षांवर नेलं तर हप्ता ९,६५० वर येतो, पण व्याज २ लाख ११ हजार होतं. वरच्या ६४ हजारांत चार चांगले टायर, दोन वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग निघतं.

आता कराची एक गोष्ट, जिच्यावर पुढची सगळी निवड फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तरच. त्याच्या वर सरळ ४० टक्के. त्यामुळं आपल्याकडं एका रुपयात सर्वात जास्त ताकद मिळते ती ४ मीटरच्या आतल्या, १.० किंवा १.२ लिटरच्या टर्बो (हवा दाबून आत घेणाऱ्या) पेट्रोल गाडीत. १.५ लिटरचं मोठं इंजिन छानच असतं, पण त्याच्या किमतीत कराचा वाटा फार मोठा आहे.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी

इथं मनाला नव्हे, कागदावरच्या किलोमीटरला विचारा. पेट्रोल १०५ रुपये आणि प्रत्यक्षातलं ॲव्हरेज १५ धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज २० धरलं तर साधारण साडेचार रुपये. फरक अडीच रुपयांच्या आसपास. डिझेल गाडी १ लाख ३० हजारांनी महाग असेल तर तो फरक भरून निघायला ५३,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेपाच वर्षं, २,००० चालवणाऱ्याला सव्वादोन. शिवाय आजच्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला इंजिनाला अधूनमधून वीसेक मिनिटं सलग, ५०-६० च्या वर पळवावं लागतं. रोज फक्त राजवाडा ते पोवई नाका करणाऱ्याची डिझेल गाडी वर्षभरात इशाऱ्याचे दिवे दाखवायला लागते, आणि दोष गाडीचा नसतो.

सीएनजीचा खर्च कमी, पण घाटात ताकद दहा टक्क्यांहून जास्त उतरते आणि मागं टाकी आली की डिकी जवळपास संपते. काही मॉडेलमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवलेल्या असतात, त्यात बॅगांना जागा राहते. टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तेही खर्चात धरा. इलेक्ट्रिकचा विचार घरी गाडी लावायला स्वतःची जागा आणि स्वतःचा मीटर असेल तर जरूर करा. चढाला तिच्याइतकी तत्पर दुसरी गाडी नाही. मात्र घाट चढताना रेंज झपाट्यानं उतरते. उतरताना त्यातली काही परत मिळते, सगळी नाही.

घाट सांगतो ते ब्रोशर सांगत नाही

यवतेश्वरचा घाट, पसरणी, केळघर, कुंभार्ली. गाडी चालवण्याचा आनंद आपल्याकडं या रस्त्यांवर आहे आणि निकृष्ट निवडीचा त्रासही इथंच कळतो. ब्रोशरमध्ये लोक पॉवरचा आकडा बघतात. बघायचा आकडा टॉर्कचा (इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, तो एनएममध्ये मोजतात), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ते. नव्या स्विफ्टचं साधं (टर्बो नसलेलं) १.२ लिटर इंजिन ११२ एनएम देतं, पण ४,३०० आरपीएमला. स्कोडा कायलॅकचं १.० लिटर टर्बो १७८ एनएम देतं आणि तेही १,७५० पासून. टाटा नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल १७०. याचा अर्थ असा की पाच माणसं आणि एसी घेऊन चढ चढताना साध्या इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये कोकलावं लागतं, टर्बो तिसऱ्यात निवांत जातं. त्यात महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर. तिथं हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते, आणि साध्या इंजिनाची ताकद तेवढीच घटते. टर्बो हवा दाबून आत घेतं, त्यामुळं त्याला हे फारसं जाणवत नाही.

टर्बोची खोडही माहीत असू द्या. १,५०० आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं. हेअरपिन वळणावर वेग मोडला आणि तुम्ही दुसऱ्यातच राहिलात तर गाडी क्षणभर मरगळते, मागून येणारी एसटी तेवढ्यात टेकते. वळणाआधीच पहिला टाकायची सवय लागते. साधं इंजिन या बाबतीत सरळ आहे: पाय द्याल तेवढं देतं. हलक्या गाडीत, नऊशे-साडेनऊशे किलोच्या आसपास वजन असेल आणि बहुतेक वेळा दोघंच असाल, तर साध्या १.२ लिटरचा आनंद अजिबात कमी नाही. वळणावर हलकी, बुटकी गाडी उंच गाडीपेक्षा जास्त विश्वासानं वळते.

आणि मागच्या सीटचा विचार करा. उंच, मऊ सस्पेन्शनची गाडी वळणागणिक झुलते आणि पाचगणी यायच्या आत पोरांना गाडी लागते. चालवणाऱ्याला मजा आणि मागं उलट्या, असा सौदा घरात चालत नाही. जरा कडक सस्पेन्शन, मागं बसून बाहेरचं नीट दिसेल अशी मोठी काच आणि मागच्या सीटला एसीचे व्हेंट, या तीन गोष्टींनी हा त्रास बराच कमी होतो. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेमध्ये ते व्हेंट चैन राहत नाही, गरज होते.

ऑटोमॅटिक हवी असेल तर प्रकार विचारून घ्या. एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र टाकतं) स्वस्त आणि ॲव्हरेजला चांगली, पण चढावर गिअर बदलताना डोकं हलवते. उतारावर तिला मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसऱ्यातच ठेवावं लागतं, नाहीतर ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) चढाला सर्वात शांत. ड्युअल क्लच (दोन क्लचची) पळायला झकास, पण घाटातल्या रविवारच्या रांगेत इंचाइंचानं सरकताना क्लच तापतो. कोणताही प्रकार घ्या, हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर मागं न जाऊ देणारी सोय) असल्याशिवाय घेऊ नका.

म्हणून आमचं स्पष्ट मत: एकाच पैशांत कमी ताकदीच्या इंजिनाचं सर्वात वरचं व्हेरियंट आणि चांगल्या इंजिनाचं मधलं व्हेरियंट असे दोन पर्याय आले, तर दुसरा घ्या. मोठी स्क्रीन आणि कॅमेरा नंतर बसवता येतो. इंजिन, सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि मागची डिस्क ब्रेक नंतर बसत नाही. भारत एनकॅपचे (अपघात चाचणीत सुरक्षेला मिळणारे) तारे बघताना ते कोणत्या व्हेरियंटला मिळालेत तेही तपासा.

पाणंद, स्पीडब्रेकर आणि डिकी

शेताच्या पाणंदीनं रोज जायचं असेल तर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर) १८५ मिलिमीटरच्या पुढं हवा. नुसता गाव-शहर डांबरी असेल तर १६५ पुरतो, मात्र पाच माणसं बसल्यावर गाडी खाली येते आणि पट्टे नसलेला गावठी स्पीडब्रेकर पोटाला घासतो. पावसाळ्यात काळ्या रानात मात्र उंचीचा काही उपयोग नाही. चिखल टायरला चिकटला की पुढच्या चाकांवर चालणारी दिसायला एसयूव्ही असलेली गाडीही तिथंच फिरत राहते.

टायरच्या बाजूची उंची मोजा. १८५/६५ आर१५ मापाच्या टायरची बाजू १२० मिलिमीटर भरते, १९५/५५ आर१६ ची १०७. ते तेरा मिलिमीटर खड्ड्यात रिम वाचवतात. अलॉय चाकं देखणी असतात, पण वाकलेली स्टीलची रिम ठोकून सरळ होते, तडकलेली अलॉय बदलावी लागते.

डिकीचे लिटर फसवतात. द्राक्षांचा एक रिकामा क्रेट सोबत नेऊन आत ठेवून बघा, तोंड किती रुंद आहे आणि उंबरा किती उंच आहे ते तिथंच कळतं. आजी-आजोबांनाही शोरूमला न्या. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर लुगडं सांभाळत चढता येत नाही.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी नाकारा. चार माणसं बसवा, एसी दोनवर ठेवा आणि साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट मागा. सांगलीत घाट नाही, तिथं उड्डाणपुलाचा चढ आणि एखादा खराब गावरस्ता निवडा. चढावर पूर्ण थांबा आणि हँडब्रेक न लावता निघून बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा. दहाच्या आत असेल तर गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना जीव मुठीत धरावा लागणार नाही. बारा-तेराच्या पुढं गेलं तर प्रत्येक ओव्हरटेकला मोठी मोकळी जागा शोधावी लागेल. संध्याकाळची वेळही मागून घ्या. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किती लांबून दिसते, यावर हेडलाइटची पारख होते.

त्याच दिवशी सर्व्हिस काउंटरवर चार किमती लिहून घ्या: क्लच सेट, एक हेडलाइट, पुढची काच, एक टायर. हे सेंटर तुमच्याच गावात आहे की प्रत्येक वेळी कोल्हापूर-पुणं गाठावं लागणार, तेही.

जुनी घेणार असाल तर

चालवायला गोड अशा काही गाड्या आता फक्त जुन्याच मिळतात. पोलो, फिगो ही त्यातली नावं. सुट्या भागांची चौकशी करून जरूर बघा. पण सांगली, मिरज, कराड पट्ट्यातली गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराची शंका मनात धरूनच तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातकट रेघ असेल तर गाडीत पाणी शिरलं होतं. स्टेपनीची खोबण, कार्पेटखालचा फोम, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. वरून नवं सीटकव्हर आणि खाली गंजलेले बोल्ट असतील तर परत फिरा. पुरातली गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगचे जोड आतून हिरवे पडतात आणि वर्ष-दीड वर्षानं एकेक दिवा, खिडकी, सेन्सर रुसायला लागतो. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास काढून घ्या. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नदीकाठी राहत असाल तर नव्या-जुन्या कुठल्याही गाडीला इंजिन प्रोटेक्शन कव्हर घ्या. साधी पॉलिसी पाण्यात गाडी सुरू करून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा देत नाही.

डिलिव्हरीआधी

गाडी आरटीओत नोंद होण्याआधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. एमएच-१०, ११ की ५०, नंबर एकदा पडला की गाडी बदलून मागता येत नाही. चासी नंबर इन्व्हॉइसशी जुळवा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायर दोन-तीन आठवड्यांच्या फरकात हवेत, स्टेपनी धरून. दरवाजांच्या कडांना रंगाची छटा वेगळी दिसते का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीचं आणि सालाचं चिन्ह आहे का, ते पाहा. बोनेट उघडून बॅटरीची तारीख टिपा, एसी दहा मिनिटं चालवा आणि चार्जिंगचं प्रत्येक सॉकेट मोबाइल लावून तपासा. काही खटकलं तर सेल्समनला तोंडी सांगून थांबू नका, त्याच दिवशी ईमेल करा आणि दुरुस्ती होऊन परत बघेपर्यंत उरलेली रक्कम अडवून ठेवा.