बारावीनंतर बीबीएच्या दोन-तीन ऑफर हातात असताना

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सच्या मुलांच्या घरी साधारण असं चित्र असतं. एका खासगी विद्यापीठाचं बीबीएचं, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीचं, ऑफर लेटर एप्रिलपासूनच येऊन पडलेलं असतं. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतरच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत, जवळचं एखादं कॉलेज मिळण्याची शक्यता असते. शिवाय नावाजलेल्या जुन्या कॉलेजात 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)'ची यादी लागलेली असते. तिन्हींच्या तारखा वेगळ्या आणि तिन्हीकडून 'लवकर पैसे भरा' असे मेसेज. मग घरात चर्चा सुरू होते ती कोणाचं नाव मोठं यावर. आमचं म्हणणं असं, की नावाकडे वळण्याआधी प्रत्येक जागा कोणत्या दारातून आली आहे ते बघा. फी, शिष्यवृत्ती, पैसे परत मिळणं, पदवीवरचं नाव, हे सगळं त्या दारावर ठरतं.

थोडी पार्श्वभूमी. 2024-25 पासून बीबीए, तसाच व्यवस्थापनाचा बीएमएस आणि संगणकाचा बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात 2024 मध्ये राज्य सीईटी कक्षाने या अभ्यासक्रमांसाठी पहिल्यांदा सामाईक परीक्षा घेतली. जागा लाखाच्या पुढे आणि परीक्षेला बसलेली मुलं निम्म्याहूनही कमी, म्हणून ऑगस्टमध्ये जादा सीईटी घ्यावी लागली. ही परीक्षा टाळण्यासाठी मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. असा कोर्स वाईट असतो असं मुळीच नाही. कित्येक ठिकाणी शिक्षक तेच आणि विषयही बरेचसे तेच आहेत. पण सरकारदरबारी तो व्यावसायिक अभ्यासक्रम राहत नाही, आणि त्याचा परिणाम थेट खिशावर होतो.

तो कसा, ते बघा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली मुलगी असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ होतं. उत्पन्नाची तीच मर्यादा असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे संस्थेने स्वतः थेट भरलेल्या, जागेला हा लाभ नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांना तर नाहीच. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच वर्गात बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची फी माफ आणि दुसरीची पूर्ण, असं घडू शकतं. म्हणून 'कॅपची कटकट कशाला, थेट कोट्यातून घेऊन टाकू' असं म्हणण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढा आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या कॉलेजचा तो कोर्स यादीत दिसतो का ते पाहा. तहसील कार्यालयातला दाखला, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, डोमिसाइल, यांतलं लागू असलेलं एक जरी वेळेत नसलं तरी प्रवर्गाची जागा किंवा फीची सवलत हातची जाऊ शकते. या कागदांची तयारी निकालाची वाट न पाहता आधीच सुरू करावी. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता फीचा कागद. ऑफर लेटरवर ठळक छापलेला आकडा पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्काचा असतो. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक ऑफरसाठी शेवटच्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, लॅपटॉप, ब्लेझर, इंडस्ट्रियल व्हिजिट, वसतिगृह, मेस, घरी येण्याजाण्याचं भाडं. मग प्रवेश कार्यालयाला लेखी, म्हणजे ईमेलवर विचारा: फी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढते? उदाहरणादाखल, पहिल्या वर्षी 2 लाख 75 हजार आणि दरवर्षी 8 टक्के वाढ धरली, तर चार वर्षांचे 11 लाख नव्हे, जवळपास 12 लाख 39 हजार होतात, तेही राहण्याजेवणाशिवाय. 'शिष्यवृत्ती दिली आहे' असं लेटरवर असेल तर ती एकाच वर्षासाठी आहे की दरवर्षी, आणि टिकवण्यासाठी किती सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) लागतो, हे विचाराच. पहिल्या वर्षी पन्नास हजार सोडणारी संस्था दुसऱ्या वर्षी 8.5 सीजीपीएची अट दाखवते, तेव्हा निम्म्या वर्गाची सवलत गेलेली असते.

कर्ज काढायचं असेल तर हप्त्याचा आकडा मुलासमोर मांडा. 10 लाख रुपये, 10.5 टक्के व्याज, दहा वर्षं: महिन्याला साधारण 13,500 रुपये. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे, पण संस्था त्या योजनेच्या यादीत असायला हवी. बँकेत जाण्याआधी पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा.

प्लेसमेंटच्या जाहिरातीत 'हायेस्ट पॅकेज' असतं. तो एका मुलाचा आकडा, त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. 'ॲव्हरेज'ही फसवा, कारण दोन-तीन मोठे पगार सरासरी वर खेचतात. खरा उपयोगी कागद वेगळा आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेने सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायची असते. ती पीडीएफ उघडा आणि 'यूजी (म्हणजे पदवी), तीन वर्षं' किंवा 'यूजी, चार वर्षं' असा तक्ता शोधा. त्यात प्रवेश घेतलेली मुलं, वेळेत पास झालेली मुलं, नोकरी लागलेली मुलं, मधला पगार म्हणजे मीडियन, आणि पुढच्या शिक्षणाला गेलेली मुलं असे रकाने ओळीने असतात. समजा 240 जणांनी प्रवेश घेतला, 198 वेळेत पास झाले, 61 जणांना नोकरी लागली, 70 पुढे शिकायला गेले, तर 67 जणांचं काय झालं हा प्रश्न कॉलेजला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. एक खबरदारी: संस्था मोठी असेल तर हा आकडा तिच्या सगळ्या पदवी कोर्सेसचा मिळून असतो, बीबीएचा वेगळा नसतो. आणि एनआयआरएफची 'मॅनेजमेंट' क्रमवारी मुख्यतः एमबीएच्या बळावर असते. त्या क्रमांकावर बीबीए विकलं जात असेल तर सावध व्हा.

कोर्सचं नाव नीट वाचा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बीबीए, बीबीए (आयबी), म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस, आणि बीबीए (सीए) असे कोर्स दिसतात. यातलं 'सीए' म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन; प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसचे पेपर असतात. अकाउंट्सची आवड असलेलं मूल सनदी लेखापालाच्या आशेने तिथे जाऊन बसलं तर पहिल्याच सत्रात खट्टू होतं. तसंच पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापलं जाणार, हे लेखी घ्या. एखाद्या व्यापारी संकुलाच्या मजल्यावर भरणारे 'इंडस्ट्री इंटिग्रेटेड बीबीए' वर्ग भलत्याच राज्यातल्या खासगी विद्यापीठाची पदवी देऊ करतात. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी फ्रँचायझी चालवता येत नाही. अशी ऑफर कितीही स्वस्त असो, बाजूला ठेवा. एआयसीटीईची मान्यता तपासायला चालू वर्षाचं 'ईओए', म्हणजे मान्यता पुढे चालू ठेवल्याचं, पत्र मागा. त्यात कोर्सचं नाव आणि मंजूर जागा दोन्ही असतात. मंजूर 60 आणि वर्गात 120 असतील तर पुढचं बोलणंच नको.

चार वर्षांच्या ऑनर्सबद्दल घरोघरी गोंधळ असतो. नव्या धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं की ऑनर्स. भारतात कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं एमबीए करायचं असेल तर तीन वर्षं पुरतात. अमेरिकेत मास्टर्स करायचा विचार असेल तर चौथ्या वर्षाला वजन आहे. तेव्हा विद्यापीठ तिसऱ्या वर्षानंतर सोडू देतं का आणि चौथ्या वर्षाची फी आधीच बांधून घेतं का, एवढं विचारून ठेवा.

हे सगळं झाल्यावर मुलाशी बोलायचा खरा प्रश्न उरतो: तिसऱ्या वर्षानंतर काय? सतरा-अठरा वर्षांच्या पोराला 'तुला काय व्हायचंय' असं विचारलं की ते गप्प बसतं, किंवा 'स्टार्टअप' म्हणतं. त्यापेक्षा तिन्ही कॉलेजांचा पहिल्या वर्षाचा सिलॅबस त्याच्या पुढ्यात ठेवा आणि कोणता पेपर वाचावासा वाटतो, कोणता नको वाटतो, त्यावर खुणा करायला सांगा. संख्याशास्त्र आणि बिझनेस मॅथ्सवर फुली मारणाऱ्या मुलाला फायनान्सच्या स्पेशलायझेशनमध्ये ढकलू नये. सीए (सनदी लेखापाल) व्हायची जिद्द असेल तर अनुदानित कॉलेजातलं साधं बी.कॉम. हीच बहुतेकदा शहाणी निवड ठरते: फी कमी आणि वेळ हाताशी. 2023 पासून सीएची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधलं सक्तीचं प्रशिक्षण, दोन वर्षांची झाली आहे. तिच्यासोबत बीबीएची प्रेझेंटेशन्स, असाइनमेंट आणि 75 टक्के हजेरी सांभाळताना मुलं पार पिळून निघतात. एमबीएसाठी बीबीए लागतंच हा समजही चुकीचा आहे. कॅटला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पण लगेच नोकरी धरायची असेल, सेल्स किंवा ऑपरेशन्सची ओढ असेल, चारचौघांत बोलायला मूल बिचकत नसेल, तर चांगल्या कॉलेजातल्या बीबीएची इंटर्नशिप खरंच कामाला येते. ती कुठे लागते, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्रवेश कार्यालय ज्यांच्याशी गाठ घालून देतं त्यांना नव्हे, कॅन्टीनमध्ये भेटतील त्यांना. 'गेल्या सत्रात किती पेपर पूर्णवेळ प्राध्यापकांनी शिकवले?' हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. सकाळी एक आणि दुपारी एक असे व्हिजिटिंग लेक्चरर येऊन जात असतील तर शंका विचारायला मुलाने जायचं कोणाकडे?

कॅपमध्ये पसंतीक्रम मुलानेच भरावा, आईवडिलांनी शेजारी बसावं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून 'बघू मिळतंय का' अशा भावनेने कुठलंही नाव पहिल्या क्रमांकावर टाकू नका. खालच्या क्रमांकाचं मिळालं तर जागा स्वीकृती शुल्क भरून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी, थांबता येतं. वरची जागा मिळाली की आधीची सुटते, दोन्ही हातात राहत नाहीत.

खासगी विद्यापीठाची मुदत कॅपच्या आधी संपत असेल तर काय करायचं? पैसे भरून जागा धरता येते, पण मागे फिरायची वाट आधी बघून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत मिळते; प्रक्रिया शुल्क म्हणून 5 टक्क्यांपर्यंत, तेही कमाल 5,000 रुपये कापता येतात. त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी सोडला तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, आणि पुढे शून्य. गेल्या काही वर्षांत यूजीसीने याहून सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या आहेत, त्या वर्षाचं परिपत्रक काढून जवळ ठेवा. प्रवेश रद्द करायचा अर्ज ईमेलनेच करा, तारीख पुरावा म्हणून राहते. दाखला आणि गुणपत्रिकेच्या मूळ प्रती कोणतीही संस्था अडकवून ठेवू शकत नाही. तपासून लगेच परत मागा आणि साक्षांकित प्रती द्या. कोणी 'मूळ कागद आमच्याकडेच राहतील' म्हणालं, तर पैसे भरण्याआधीच तिथून उठा.