इलेक्ट्रोलिसिस शिकताय? आधी दुखणं समजून घ्या

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे केसाच्या रंध्रात बारीक सुई घालून, करंट देऊन केसाचं मूळ मारणं. नवीन क्लायंटचा वरचा ओठ पहिल्याच सिटिंगला घेऊ नका. ती त्यासाठीच आलेली असली, तरीही. नाकाखालचा मधला भाग भलताच हळवा असतो. तिथे करंट दिला की डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, शिंका येतात, आणि ती एकदा घाबरली की दुसऱ्या सिटिंगला येतच नाही. हनुवटीची बाजू किंवा जबड्याची कड घ्या. चटका म्हणजे नेमकं काय ते तिला कळतं, आणि तुम्हाला तिची कातडी कळते. पुढे ओठावर आलात की कोपऱ्यांतून आत सरका. मधला भाग शेवटी, तोही थोडाथोडा.

मी ठाण्यात हे काम करते. थ्रेडिंग-वॅक्सिंग करता करता इकडे वळले. शिकायला येणाऱ्या मुली मशीनबद्दल ढीगभर प्रश्न विचारतात, पण दुखण्याबद्दल एकच: "मॅडम, क्रीम कुठलं लावायचं?" माझ्या लेखी हे बधिर करणारं क्रीम सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी तुमचा हात, सुईची निवड, मशीनचं सेटिंग आणि तुमचं बोलणं.

दुखतं कशामुळे, ते पद्धतीवर ठरतं. 1875 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात वळणारे पापण्यांचे केस काढायला वापरली ती गॅल्व्हनिक पद्धत. यात एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) करंटमुळे केसाच्या रंध्रातल्या क्षार आणि पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. हे सावकाश चालतं, त्यामुळे चुरचुर होत वाढत जाते. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या करंटने उष्णता तयार होते. काम क्षणात आटोपतं, पण चटका तीव्र बसतो. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. कुणाला एक जोरदार चटका परवडतो, कुणाला हळूहळू वाढणारी चुरचुर. दोन्ही पद्धतींनी चार-पाच केस काढून दाखवा आणि तिलाच निवडू द्या.

आता मुख्य गोष्ट. सुई आत जाताना दुखता कामा नये. सुई कातडीला भोक पाडत नाही, आधीच असलेल्या रंध्रात सरकते. करंट देण्याआधीच "टोचलं" असं ती म्हणाली तर सुई रंध्राची भिंत फोडून बाहेर गेली आहे किंवा तळाच्या खाली उतरली आहे. तिथे करंट दिलात तर दुखतं जास्त, मूळ मरत नाही, आणि डाग पडण्याची शक्यता वाढते. सुई बाहेर काढा, केसाचा कोन पुन्हा बघा. जबड्याखाली आणि मानेवर केस जवळजवळ आडवे झोपलेले असतात, हनुवटीवर दोन बोटांच्या अंतरात दिशा बदलते. करंट दिल्यावर वर-वरच चटका बसल्यासारखं वाटलं तर सुई उथळ आहे. मूळ मेलं असेल तर केस चिमट्याने नुसता धरला तरी सरकन बाहेर येतो. तो ओढावा लागला तर ते प्लकिंग झालं, आणि क्लायंटला विनाकारण दुसरी कळ सोसावी लागली.

यासाठी तुम्हाला तिचं बोलणं लागतं, आणि इथेच आपल्याकडे गोची होते. आपल्या बायकांना थ्रेडिंगच्या खुर्चीत दात-ओठ आवळून बसायची सवय असते. "चालेल हो मॅडम, करा तुम्ही," म्हणतात आणि मुठी घट्ट. लग्न ठरलेल्या मुलीसोबत आलेल्या काकू तर शेजारी बसून सांगतात, "थोडं सहन कर गं, एकदाचं होऊन जाऊ दे." काकूंना गोड बोलून बाहेर चहाला बसवा. मुलीला स्पष्ट सांगा की इथे सोसण्याचं कौतुक नाही. चटका एक ते दहामध्ये किती, ते विचारत राहा. हात वर केला की मी थांबणार, हे ठरवून घ्या आणि खरंच थांबा. एकदा जरी "बस, हा शेवटचा" म्हणत पुढे गेलात, तर तो हात पुन्हा वर येणार नाही.

सुई केसाच्या जाडीची घ्या. बारीक सुईत उष्णता एका टोकाला एकवटते आणि चटका जास्त बोचतो. हळव्या कातडीसाठी टोक सोडून बाकी भागावर आवरण असलेल्या इन्सुलेटेड सुया मिळतात, त्याने वरची कातडी वाचते. निकेलची ॲलर्जी असेल तर सोन्याचा मुलामा असलेली घ्या. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक. इथे काटकसर नको.

कातडी दोन बोटांनी ताणून, जरा दाबून धरा. दाबाची जाणीव मेंदूकडे जाणारी वेदनेची वाट काही अंशी अडवते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलेला गेट कंट्रोल सिद्धांत तो हाच. करंट तिच्या उच्छ्वासावर द्या. श्वास रोखलेल्या बाईचा चेहरा ताठ होतो आणि रंध्र सरकतं. आणि एकाच जागी लागोपाठ केस काढू नका. इकडचा एक, तिकडचा एक, अशी जागा बदलत राहा.

मुंबई-ठाण्यात घामाचं वेगळं प्रकरण. रंध्राच्या तळाशी ओल जास्त, वर कमी, म्हणून करंटचा परिणाम खाली होतो. वरची कातडी घामाने ओली असेल तर करंट वरच काम करतो. मे महिन्यात ओठावरचा घाम टिपत राहावा लागतो, एसी नसेल तर पंखा जवळ ओढा. क्लायंटला मात्र आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायला सांगा. आतून ओल चांगली असली की कमी करंटमध्ये भागतं.

सिटिंगची तारीख पाळीच्या आधीच्या दिवसांत किंवा पाळीत नको, त्या दिवसांत बऱ्याच जणींना जास्त दुखतं. उपाशीपोटीही नको. नवरात्रात आणि संकष्टीला मी आधीच विचारते, कारण कडक उपवासात खुर्चीत चक्कर आलेली कुणालाच परवडत नाही. पेसमेकर असेल तर गॅल्व्हनिक आणि ब्लेंड करायचं नाही. डायबेटिस असेल तर जखम उशिरा भरते, म्हणून आधी तिच्या डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. आणि थ्रेडिंग बंद. वर्षानुवर्षं ओढून रंध्रं वाकडी झालेली असतात, त्यात सुई सरळ जात नाही आणि दुखणं दुप्पट. मधल्या काळात कात्रीने ट्रिम करा म्हटलं की ऐकतात. रेझरचं नाव काढलं की "दाढी? आणि जाड आले तर?" रेझरने केस जाड होत नाहीत, बोथट टोकामुळे तसे भासतात. पीसीओडीवाल्या, म्हणजे हार्मोन्स बिघडल्याने चेहऱ्यावर केस येणाऱ्या मुलींना हे सांगताना जरा सांभाळून. त्या आधीच खूप ऐकून आलेल्या असतात. नवे केस उगवत राहू नयेत म्हणून त्यांचे डॉक्टरी उपचार चालू आहेत ना, तेही विचारा.

आता क्रीम. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असलेलं मिळतं. जाड थर, वरून प्लास्टिकची फिल्म, साधारण तासभर. पण डॉक्टरांना विचारून, छोट्याच भागावर, डोळ्यांपासून लांब. 2007 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला होता, कारण लेझरआधी पायांवर बधिर करणारं तीव्र क्रीम लावून वरून प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या होत्या. शिवाय क्रीमने कातडी पांढरट, फुगीर होते, सुई घालणं अवघड जातं आणि तुमची चूक सांगणारी तिची जाणीवच नाहीशी होते. दाट दाढी काढायची असलेल्या ट्रान्स स्त्रियांना लांब सिटिंग लागतात, करंटही जास्त. त्यांच्यापैकी काही जणी डॉक्टर किंवा डेंटिस्टकडून भूल घेऊन येतात. ते इंजेक्शन त्यांनीच द्यायचं, आपण हात लावायचा नाही. गोळीही आपण सुचवायची नाही. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, हे मात्र माहीत असू द्या.

सराव स्वतःच्या पोटरीवर करा, मशीन बंद ठेवून, नुसती सुई घालण्याचा. तो जमला की करंट लावून. मग मैत्रिणीकडून स्वतःच्या ओठावर दोन-चार केस काढून घ्या. खुर्चीत न बसलेल्या मुलीला मी क्लायंट देत नाही.

सिटिंग झाली की कापडात गुंडाळलेला बर्फ, मग कोरफडीचं जेल. लाली आणि थोडी सूज काही तासांत उतरते, बारीक खपल्या काही दिवस राहतात. त्या खरवडायच्या नाहीत, वाफ घ्यायची नाही, हळद-बेसन लावायचं नाही, एक दिवस मेकअप नाही. आपल्या सावळ्या कातडीवर डाग लवकर पडतात, म्हणून उन्हात जाताना सनस्क्रीन. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा. नुसतं चुरचुरत असेल तर ठीक आहे. ठणकत असेल, पू किंवा मोठ्या खपल्या असतील तर तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि त्यांनी सांगेपर्यंत पुढची तारीख देऊ नका.